शेवटच्या खांबाची तक्रार

बाळाला पंख्याचा एकच सूर चालतो, असं सासूबाईंचं ठाम म्हणणं होतं. पंखा तीनवर ठेवायचा, दार अर्धवट लोटायचं, मग पाच मिनिटांत घूंऽऽ असा एक संथ सूर लागतो, आणि तो लागला की बाळ एक वाजता झोपतं. तो सूर जरा उतरला की बाळ उठतं. आणि सूर रोज दुपारी दोन वाजता उतरायचा.

"दोन म्हणजे दोनच," सासूबाई म्हणायच्या. "या घरात घड्याळ नसतं तरी चाललं असतं."

सुनेला यामागचं कारण ठाऊक होतं, आणि दुखणं तेच होतं. ती वीज कंपनीत इंजिनीअर होती. त्यांचं घर सात नंबरच्या फीडरच्या, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या सातव्या लाईनच्या, अगदी शेवटच्या खांबावर होतं. त्या खांबाच्या पुढे तार नव्हती, मोकळं रान होतं. उपकेंद्रातून निघालेली वीज साडेचार हजार घरांना पुरून, वाटेतल्या लाकडाच्या वखारीला पोसून, दमूनभागून त्यांच्या दारात पोहोचायची. वखारीतली जेवणाची सुट्टी दोन वाजता संपायची. चारही करवती एकदम सुरू व्हायच्या आणि शेवटच्या खांबावरच्या पंख्याला धाप लागायची.

बाळ अकरा महिन्यांचं होतं. झोपेतून उठलं की ते आधी रडायचं नाही. गालावर उशीची घडी उमटलेली, केस एका बाजूला उभे, अशा अवतारात ते आधी इकडेतिकडे बघायचं, की कोण आहे. पहिले सात महिने त्या बघण्याच्या टोकाला तिचा चेहरा असायचा. रजा संपून चार महिने झाले होते. आता तिथे सासूबाईंचा चेहरा असायचा. त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. फक्त रोज दोनच्या सुमाराला, कंट्रोल रूममध्ये बसलेली असताना, तिला ती उशीची घडी आठवायची आणि समोरचे आकडे थोडे पुसट व्हायचे.

नियम असा होता की दुपारी, व्होल्टेज घसरायच्या वेळी, इंजिनीअरने कंट्रोल रूममध्ये जातीने हजर असलं पाहिजे. हजर राहून करायचं काय, तर बटणकाकांकडे बघायचं.

बटणकाका उपकेंद्रातले सगळ्यात जुने ऑपरेटर. मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या पोटात पायऱ्या असतात, त्यांना टॅप म्हणतात. एक टॅप वर गेलं की सगळ्या फीडरचं व्होल्टेज थोडं चढतं, एक खाली आलं की उतरतं. काकांच्या टेबलावर दोन बटणं होती, वर आणि खाली. एकतीस वर्षं त्यांनी ती दोन बटणं दाबली होती. कधी कुठलं दाबायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. उपकेंद्राच्या खिडकीशी येऊन कोण किती ओरडतंय, त्यावर त्यांचं शास्त्र चालायचं. खिडकीशी येणार कोण, तर जवळचे. इस्त्रीवाले, सलूनवाले, झेरॉक्सवाले. शेवटच्या खांबावरचा माणूस आठ किलोमीटर चालत ओरडायला येत नाही. त्यामुळे जवळच्यांचं व्होल्टेज एकतीस वर्षं उत्तम होतं.

त्यावर उपाय म्हणून मुख्यालयाने यंत्र पाठवलं होतं. यंत्र म्हणजे एक साधा संगणक. पण तो शिकणारा होता. कधी टॅप वर करायचं, कधी खाली, हे त्याला कुणी सांगायचं नव्हतं. त्याने करून बघायचं, चुकलं की त्याचे गुण कापायचे, आणि गुण कापले जाऊ नयेत म्हणून त्याने स्वतःच शहाणं व्हायचं. एकवीस दिवसांची चाचणी होती. चाचणी पास झाली तर दुपारची हजेरी रद्द. मोठ्या साहेबांनी तोंडी कबूल केलं होतं, "यंत्र सांभाळत असेल तर तुम्ही दीड वाजता घरी जा. उरलेलं काम घरून करा. मला काय."

त्या "मला काय" वर तिचा सगळा जीव टांगलेला होता.

बटणकाकांनी यंत्राला पहिल्या दिवशी चारही बाजूंनी बघून घेतलं. "काय बोलतं का हे?"

"नाही काका. ते शिकतं. चुका करेल, गुण कापले जातील, मग हळूहळू जमेल त्याला."

"म्हणजे नवी सून," काका म्हणाले. "बोलणी खाऊन खाऊन घराचं वळण कळणार."

तेव्हापासून यंत्राचं नाव नवी सून पडलं.

गुण कशाचे किती कापायचे, हे तिनेच ठरवायचं होतं. एका रविवारी, डाव्या मांडीवर बाळ आणि उजव्या हाताखाली लॅपटॉप घेऊन, तिने ते ठरवलं. विनाकारण टॅप हलवलं तर एक गुण कमी. व्होल्टेज मर्यादेच्या काठाशी रेंगाळलं तर अर्धा गुण कमी. मर्यादा ओलांडायची तर सोयच नव्हती, तिथे तिने कुलूपच घातलं होतं. राहिली तक्रार. शेवटच्या खांबावर बसवायचं मीटर मंजूर झालेलं होतं, आलेलं नव्हतं. तेव्हा लाईनच्या शेवटी काय चाललंय हे कळायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे तक्रार निवारण केंद्राला येणारे फोन. शिवाय मुख्यालयाचं परिपत्रकच होतं की ग्राहकाचा आवाज सर्वांत मोलाचा मानावा. तिने आज्ञाधारकपणे लिहिलं, तक्रारीचा एक फोन आला की शंभर गुण कमी. तेवढ्यात बाळाने लॅपटॉपच्या कोपऱ्याचा चावा घेतला आणि बैठक संपली.

चाचणी सुरू झाली. पहिल्या दिवशी नव्या सुनेने काहीच केलं नाही. दोन वाजून चौदा मिनिटांनी एक तक्रार आली. शंभर गुण गेले. दुसऱ्या दिवशी तिने सव्वादोनला टॅप वर केलं. तक्रार पुन्हा दोन-चौदाला आलेली होती. तिसऱ्या दिवशी तिने दोनला एक टॅप चढवलं. तक्रार आली, पण दोन-वीसला. नवी सून विचारात पडली असावी. पाचव्या दिवशी तिने दीड वाजताच दोन टॅप चढवले आणि चार वाजेपर्यंत ते खाली आणलेच नाहीत. त्या दिवशी एकही तक्रार आली नाही.

नवी सून एकदा एखादी गोष्ट शिकली की विसरत नसे. सहाव्या दिवशी शून्य. सातव्या दिवशी शून्य. दहाव्या दिवसापर्यंत तिने सव्वाएकपासूनच तीन टॅप चढवून ठेवायला सुरुवात केली होती, हात राखून काही करायचंच नाही असं ठरवल्यासारखी. अर्ध्या-अर्ध्या गुणाचं नुकसान ती मुकाट सोसत होती. पडद्यावरची तक्रारींची रेघ जमिनीवर झोपल्यासारखी सपाट होती.

घरीही सगळं आलबेल होतं. "हल्ली छान झोपतंय हो," सासूबाई संध्याकाळी सांगायच्या. "साडेतीनपर्यंत हालचाल नाही. पंखा कसा एका लयीत चालतो." त्यांचा स्वतःचा चेहराही हल्ली ताजातवाना दिसायचा. तिला वाटलं, बाळ झोपलं की घरातली सगळीच माणसं टवटवीत होतात.

उपकेंद्राच्या खिडकीशी मात्र हळूहळू गर्दी वाढत चालली होती. कंट्रोल रूम मागच्या बाजूला, त्यामुळे तिला ती दिसायची नाही, नुसती ऐकू यायची. झेरॉक्सवाल्यांचा स्टॅबिलायझर दुपारभर टकटक करत होता. सलूनवाल्यांच्या हेअर ड्रायरने एका गिऱ्हाइकाच्या कानाला चटका दिला होता. बटणकाका सगळ्यांचं ऐकून घेत होते आणि एकतीस वर्षांच्या शिरस्त्याने खिडकी रजिस्टरात सुवाच्य अक्षरात लिहीत होते. ती विचारायची, "काका, काही विशेष?" आणि काका म्हणायचे, "नाही. कळवलंय मी." कुणाला कळवलंय, हे तिने विचारलं नाही. एकविसावा दिवस जवळ येत होता आणि तिला त्या दिवसांत प्रश्न विचारायची भीती वाटत होती.

एकविसाव्या दिवशी एक वाजता मोठे साहेब दोन सहायकांसह आले. साहेब पडद्यासमोर उभे राहिले, हात पाठीमागे बांधून.

"सोळा दिवस शून्य तक्रार?"

"हो साहेब."

"माझ्या अख्ख्या नोकरीत सोळा तास शून्य तक्रार बघितलेली नाही मी," साहेब म्हणाले, आणि नीट बघता यावं म्हणून पडद्याकडे वाकले.

ते वाकले तेव्हा तिला त्यांची पाठ दिसली. साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, इस्त्रीचा एक तपकिरी ठसा होता. टोक वर, बूड खाली, अगदी रेखीव. दोन्ही सहायकांना तो सकाळपासून दिसत होता. सकाळपासून दोघेही साहेबांच्या पुढे चालत होते, म्हणजे आपण तो बघितलाच नाही असं पुढेमागे म्हणता यावं.

"चहा घेऊ," साहेब म्हणाले. "मग सही करतो."

साहेब चहाला गेले. ती ठशाचा विचार करत पडद्यासमोर बसून राहिली. उपकेंद्राच्या कोपऱ्यावर इस्त्रीचं एकच दुकान होतं आणि साहेबांचा बंगला त्याच्याच मागे होता. तिने पहिल्यांदाच उपकेंद्राजवळचं व्होल्टेज उघडून बघितलं. दुपारी सव्वाएक ते चार, दोनशे बावन्न. मर्यादा दोनशे त्रेपन्न. एकदाही ओलांडलेली नाही. नवी सून रोज पावणेतीन तास उंबरठ्यावर उभी राहत होती, बाहेर पाऊल न टाकता.

एवढं कुणाच्या धाकाने, म्हणून तिने तक्रारींची यादी उघडली. चाचणी सुरू करण्यापूर्वी यंत्राला अभ्यासाला म्हणून मागच्या तीन महिन्यांच्या तक्रारीही दिलेल्या होत्या. सात नंबरच्या फीडरवरच्या एकूण तक्रारी एकोणसत्तर. सगळ्या दुपारी दोन ते अडीचमधल्या. सगळ्या एकाच ग्राहक क्रमांकावरून. शेवटचे चार आकडे बघून ती जरा थांबली. हे आकडे तिने रोज सकाळी फ्रिजमधून दूध काढताना बघितले होते, त्याच्या दारावर, फळाच्या आकाराच्या चुंबकाखाली लावलेल्या बिलावर.

साडेचार हजार ग्राहकांपैकी बाकीच्यांनी तक्रारीचा फोन लावणं केव्हाच सोडून दिलं होतं. एक दाबा, मग तीन दाबा, मग अकरा मिनिटं संगीत ऐका, आणि मग फोन आपोआप बंद. एवढ्या सगळ्यातून पार होण्याची चिकाटी फीडरवर एकाच व्यक्तीकडे होती. नवी सून बिचारी तिला मिळालेल्या माहितीवरून अगदी बरोबर निष्कर्षाला पोहोचली होती. जगात एकच घर आहे, त्या घरात एकच पंखा आहे, आणि तो मंदावला की शंभर गुण जातात.

मोठे साहेब शेजारच्या खोलीत बिस्किट बुडवत होते. पाच मिनिटांत ते सही करणार होते. उद्यापासून ती दीड वाजता निघू शकत होती. दोनला घरी. उशीची घडी, एका बाजूला उभे केस, आणि इकडेतिकडे बघणारे दोन डोळे. व्होल्टेज मर्यादेच्या आत होतं. कुणीही काहीही विचारलेलं नव्हतं. तिने ती यादी बंद केली.

तेवढ्यात खिडकीशी आवाज आला. बटणकाका जेवायला गेले होते, म्हणून तीच उठून गेली. इस्त्रीवाले उभे होते. हातात घडी घातलेला पांढरा शर्ट होता.

"बाई, एक काम होतं. तुम्ही मोजाल का जरा?"

"काय मोजू?"

"चाळीसपर्यंत. माझ्याबरोबर. मी मनातल्या मनात मोजतो, तुम्ही घड्याळात बघा."

तिला काही कळेना. इस्त्रीवाल्यांनी शर्ट उलगडला. साहेबांच्या पाठीवर होता तसाच ठसा होता, जुळा भाऊ.

"माझ्या इस्त्रीला गरमीचा काटा नाही. जुनी आहे, वजनदार. बटण लावायचं, चाळीस मोजायचे, बंद करायची, फिरवायची. सत्तावीस वर्षं चाळीस मोजतोय. आता बत्तीसलाच धूर. साहेबांचे दोन शर्ट गेले. घरचे म्हणतात, वय झालं, आकडे गाळता तुम्ही मधले. कालपासून मुलगा शेजारी बसून मोजतोय माझ्या." त्यांनी शर्टाची परत घडी घातली, अगदी सरळ, टोकाला टोक. "तुम्ही शिकलेल्या आहात. गाळतोय का मी मधले, तेवढं फक्त सांगा."

तिने घड्याळाकडे बघितलं. इस्त्रीवाल्यांनी डोळे मिटले, ओठ हलू लागले, आणि त्यांनी हात वर केला तेव्हा बरोबर चाळीस सेकंद झाले होते. एकसुद्धा इकडेतिकडे नाही.

"तुमचं मोजणं बरोबर आहे," ती म्हणाली. "चूक आमची आहे. तुम्ही तक्रार का नाही केलीत?"

"केली की. रोज करतो. काका लिहून घेतात."

बटणकाका दात कोरत येतच होते. तिने त्यांच्याकडे रजिस्टर मागितलं. सोळा दिवसांत चौऱ्याण्णव नोंदी होत्या. शेवटची नोंद होती, "इस्त्रीवाले मोजायला चुकत आहेत, असे त्यांच्या घरच्यांचे म्हणणे."

"काका, हे तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला कशाला? तुम्हीच म्हणालात, शिकायचं हिला आहे." काकांनी यंत्राकडे बोट केलं. "रोज सकाळी वाचून दाखवतो तिला. पहिल्या पानापासून. मोठ्याने, सावकाश."

"यंत्राला वाचून दाखवता?"

"ऐकत नाही पण," काका म्हणाले. "फार मानी आहे."

ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी पेनाचं टोपण काढलेलं होतं.

"साहेब, सही करू नका. ते शून्य खरं नाही."

"मग काय आहे ते?"

"माझ्या सासूबाई आहेत."

साहेबांनी पेनाचं टोपण परत लावलं. त्यांच्या नोकरीत हे उत्तर त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. तिने सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. शंभर गुणांचं, अकरा मिनिटांच्या संगीताचं, काकांच्या वाचनाचं. शर्टाचं सांगितलं नाही. ते काम इस्त्रीवाल्यांनी केलं, कारण ते तिच्यामागून आत आले होते आणि साहेबांना बघून त्यांनी हातातला शर्ट पुढे केला. साहेबांनी तो ठसा बघितला, मग सावकाश स्वतःचा हात पाठीवर नेऊन चाचपला, मग दोन्ही सहायकांकडे बघितलं. सहायक भिंतीवरचा नकाशा बघत होते.

"सिद्ध करा," साहेब म्हणाले.

दोनला पाच मिनिटं कमी होती. तिने नव्या सुनेला बाजूला केलं आणि बटणकाकांना खुणावलं. काकांनी बोटं मोडली आणि खालचं बटण तीनदा दाबलं. एकवीस दिवसांनी दाबत होते, त्यामुळे तिसऱ्या वेळी जरा जास्तच प्रेमाने दाबलं. दोन वाजता वखारीत करवती सुरू झाल्या. सगळे पडद्याकडे बघत उभे राहिले. दोन-पाच. दोन-दहा. दोन-चौदाला सपाट रेघेवर एक टोक उभं राहिलं.

"ऐकू द्या," साहेब म्हणाले.

तिने नुकत्याच आलेल्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं. आधी केंद्रावरच्या मुलीचा आवाज आला. "नमस्कार, बोला मावशी. नंबर नका सांगू, आहे माझ्याकडे. बऱ्याच दिवसांनी केलात?"

"अगं, मध्ये सगळं ठीक होतं. आज परत पंख्याचा सूर उतरला. बाळ उठलं."

"तुमच्या सूनबाई तिथे उपकेंद्रातच असतात ना, म्हणाला होतात? त्यांनाच फोन करा ना मावशी. माझ्यापेक्षा लवकर होईल."

"नको गं," सासूबाईंचा आवाज खाली आला. "ती दिवसभर तिकडे लोकांचीच गाऱ्हाणी ऐकते. संध्याकाळी येते ती आधीच अर्धी झालेली असते. त्यात दुपारी बाळ उठलं म्हणून कळवलं, तर तिचं मन राहणार आहे का कामात? तू तुझ्या पातळीवर बघ. आणि मी फोन करते हे तिला कळू देऊ नकोस हं."

रेकॉर्डिंग संपलं. ती पडद्यावरचा कुठलातरी आकडा फार बारकाईने वाचत होती. बटणकाकांनी चष्मा काढून पुसला, मग न लावताच खिशात ठेवला.

"म्हणजे," साहेब शेवटी म्हणाले, "साडेचार हजार ग्राहकांचं फीडर सोळा दिवस एका पंख्यावर चाललं."

"हो साहेब."

"पंखा नवा आहे?"

"नाही साहेब. सासूबाईंच्या लग्नातला आहे."

साहेबांनी मान हलवली, जणू तेवढाच मुद्दा अहवालात राहून गेला होता. मग त्यांनी शेरा लिहायला घेतला. चाचणी नापास. यंत्र बंद करू नये, पण त्याला खिडकी रजिस्टर शिकवावं, ते टाईप करून, वाचून नव्हे. तक्रारीचे गुण शंभरावरून पाचावर आणावेत. मुदतवाढ तीन महिने. तोपर्यंत इंजिनीअरची दुपारची कंट्रोल रूममधली हजेरी.

इथे साहेबांचं पेन थांबलं. तिने श्वास रोखला नाही, कारण आता रोखण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"लाईनच्या शेवटी काय चाललंय हे एकट्या यंत्रावर सोडता येणार नाही," साहेब लिहिता लिहिता बोलत होते. "आणि एकट्या फोनवरही. शेवटच्या खांबावर रोज दुपारी दोन वाजता माणसाने जाऊन हातातल्या मीटरने व्होल्टेज मोजायचं. आकडा लिहायचा. खाली ग्राहकाची सही घ्यायची, नाहीतर लोक झाडाखाली बसून आकडे लिहितात. कोण जाईल? आठ किलोमीटर आहे. रोजचं आहे. कुणी राहतं का त्या बाजूला?"

दोन्ही सहायक पुन्हा नकाशाकडे वळले.

"साहेब," बटणकाका म्हणाले, "त्या बाजूला बाईच राहतात. खांब त्यांच्या दारातच आहे."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "गैरसोय होणार असेल तर सांगा."

"नाही होणार साहेब," ती म्हणाली.

"दीडला निघावं लागेल. परत यायला वेळ उरणार नाही, उरलेलं काम तिकडूनच करावं लागेल."

"चालेल साहेब."

"बघा बुवा," साहेब म्हणाले, आणि पाठीवर फाईल धरून, जशी मोठी माणसं हात पाठीमागे बांधतात तशी, गाडीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी दोनला सात मिनिटं कमी असताना ती मीटर आणि रजिस्टर घेऊन स्वतःच्या घरात चोरासारखी शिरली. चप्पल बाहेर, किल्ली मुठीत, श्वास हळू. बाळ दोनला उठणार होतं. त्याआधी आपण त्याच्या समोर असायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून घूंऽऽ असा संथ सूर येत होता. तिने दार बोटभर ढकललं.

जमिनीवर गादी अंथरलेली होती, भोवती उशांचा तट होता. गादीवर सासूबाई गाढ झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं, एक हात गालाखाली. आणि त्यांच्या शेजारी बाळ बसलेलं होतं. टक्क जागं. गालावर उशीची घडी नव्हती, केसही दोन्हीकडे सारखे होते. ते झोपलेलंच नव्हतं. एक लाकडी चमचा मांडीवर ठेवून ते आजीकडे बघत होतं, आवाज न करता, फार सवयीने.

दोन वाजले. लांब कुठेतरी करवती सुरू झाल्या असाव्यात, कारण पंख्याचा सूर अगदी थोडा उतरला. सासूबाईंच्या कपाळावर आठी पडली, पापण्या हलल्या. बाळाने वर पंख्याकडे बघितलं. मग चमचा खाली ठेवला आणि आपला छोटा हात आजीच्या दंडावर ठेवून थोपटू लागलं. एक, दोन, तीन. सासूबाईंची आठी गेली. घोरणं पुन्हा लागलं.

दंड थोपटून झाल्यावर बाळाने इकडेतिकडे बघितलं, की कोण आहे. दारात आई होती. बाळ हसलं, पण तोंड मिटूनच, कारण घरात कुणीतरी झोपलेलं होतं.

ती तिथेच खाली बसली. बाळ रांगत येऊन तिच्या मांडीत शिरलं. मग डाव्या हाताने बाळाला धरून उजव्या हाताने मीटर लावलं आणि रजिस्टर उघडलं. वेळ, दोन वाजून सहा मिनिटं. व्होल्टेज, दोनशे एकवीस. तक्रार. त्या रकान्याशी ती थांबली, गादीकडे बघितलं आणि लिहिलं, नाही. शेवटचा रकाना ग्राहकाच्या सहीचा होता. ग्राहक घोरत होते. त्यांना सहीसाठी उठवणं तिला नियमाला धरून वाटलं, पण माणुसकीला धरून वाटेना.

तेवढ्यात बाळाने पेन घेतलं. मुठीत आवळून धरलं आणि सहीच्या रकान्यापासून वरच्या समासापर्यंत एक जोरकस रेघ ओढली, मग तिच्यावर दुसरी, मग एक टिंब.

दुसऱ्या दिवशी रजिस्टर साहेबांकडे गेलं आणि संध्याकाळपर्यंत परत आलं. सहीशेजारी लाल शाईत बरोबरची खूण होती आणि खाली शेरा होता, "सही वाचता येत नाही, पण ग्राहक जागरूक दिसतो."

बटणकाकांनी ते पान टाईप करायला देण्याआधी एकदा नव्या सुनेसमोर धरलं आणि सावकाश, मोठ्याने वाचून दाखवलं.